डोळे इथे, चाके तिथे

दिवाळीचा आकाशकंदील करून उरलेला जिलेटीनचा कागद फेकून देऊ नये. त्यातला एक तुकडा लाल आणि एक निळा घ्यावा, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात डोळ्यांच्या अंतरावर दोन भोके पाडावीत, डावीकडे लाल आणि उजवीकडे निळा तुकडा चिकटवावा. झाला चष्मा तयार. या चष्म्याला बाजारात किंमत नाही. पण त्यातून चंद्राची जमीन जशी दिसते तशी ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

५ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी, भारतीय अवकाश संशोधन संघटनेने (इस्रोने) एक चमत्कारिक छायाचित्र प्रसिद्ध केले. चांद्रयान-३ मोहिमेतील ‘प्रज्ञान’ या सहाचाकी बग्गीने काढलेले ते छायाचित्र होते. पण त्यात प्रत्येक दगडाला लाल आणि निळसर अशा दोन कडा होत्या, जणू छपाईत रंग सरकले असावेत. त्यात ‘विक्रम’ हे अवतरण-यान उभे होते. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर चित्र बिघडलेले वाटे. नालवाडीत आम्ही वरच्या कृतीने केलेला चष्मा लावून ते पाहिले, आणि कागदासारखी सपाट दिसणारी ती जमीन एकदम खोल झाली. विक्रम पुढे आला, मागचे उंचवटे मागे गेले, खळगे खाली गेले.

तेव्हा आमच्यातल्या एका मित्राने विचारलेला प्रश्न हेच या लेखाचे निमित्त आहे. तो म्हणाला, “हे सगळे डोळ्यांना फसवणेच ना? मग फसवलेल्या डोळ्यांच्या भरवशावर एवढे महागाचे यंत्र कसे चालवतात?” प्रश्न साधा दिसतो, पण तो अवकाशविज्ञानाच्या एका फार मोठ्या अडचणीच्या मुळाशी जातो. दूरच्या ग्रहावरचे यंत्र माणसाने पृथ्वीवरून चालवायचे कसे, आणि त्यासाठी संगणकाने रचलेल्या आभासी जगावर विश्वास ठेवायचा तो कितपत?

हात आणि डोळा यांचे नाते

आपण रोज जी कामे करतो त्यांत हात आणि डोळा यांच्यात एक अखंड संभाषण चाललेले असते. हात हलतो, डोळा पाहतो, चूक दिसली की हात लगेच सुधारतो. आपल्या नालवाडीला याचे उदाहरण बाहेरून आणण्याची गरज नाही. १९३० नंतरच्या दशकात विनोबाजी येथे राहत होते आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह होतो का, याचा प्रयोग ते स्वतःवर करीत होते. टकळीवर किंवा चरख्यावर सूत काढणाऱ्या माणसाला विचारा. पेळूतून धागा येताना त्याचा ताण बोटांना कळतो. तो जरा वाढला की बोटे आपोआप सैल होतात. हे इतक्या जलद घडते की कातणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. आता कल्पना करा की बोटांना लागलेला ताण मनाला अडीच सेकंदांनी कळतो आहे. धागा केव्हाच तुटलेला असेल आणि बोटे अजून तो सांभाळण्याचा प्रयत्न करीत असतील.

दूरनियंत्रणाची सुरुवात झाली तेव्हा हे नाते तुटू न देणे हाच यंत्रज्ञांचा हेतू होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी जोडहात तयार केले. जाड संरक्षक काचेच्या अलीकडे माणूस मूठ फिरवतो आणि पलीकडे यंत्राचा हात तशीच मूठ फिरवतो. आपल्या महाराष्ट्रात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे जोडहात तयार करून वापरले जातात. तेथे दूरहाताळणी आणि यंत्रमानवशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. पलीकडच्या हाताला एखादी वस्तू जड लागली तर अलीकडच्या हाताला तो जडपणा जाणवतो. म्हणजे माणूस भिंतीच्या या बाजूला असला तरी त्याचे डोळे आणि स्पर्श त्या बाजूला पोचलेले असतात.

भिंत काही फुटांची असते तोवर हे ठीक आहे. पण भिंतीऐवजी मध्ये अवकाश आले तर?

प्रकाशाची मर्यादा

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. तेव्हा चंद्रावरचे चित्र इथे पोचायला सुमारे १.३ सेकंद, आणि ते पाहून दिलेली आज्ञा तिकडे पोचायला आणखी १.३ सेकंद लागतात. एकूण २.६ सेकंद. हा विलंब यंत्राच्या दोषामुळे नाही. कितीही चांगले यंत्र आणले तरी तो एका क्षणानेही कमी होणार नाही, कारण निसर्गाने घातलेली ती वेगमर्यादा आहे.

२.६ सेकंद म्हणजे किती? नालवाडीहून वर्ध्याच्या बजाज चौकाकडे आपण ताशी ३६ किलोमीटर वेगाने मोटारसायकलवर निघालो आहोत असे समजा. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. आता आपल्याला रस्ता दिसतो तो १.३ सेकंदांपूर्वीचा, आणि आपण दाबलेला ब्रेक लागतो तो १.३ सेकंदांनंतर. समोर म्हैस आडवी आल्यापासून ब्रेक लागेपर्यंत गाडी २६ मीटर पुढे गेलेली असेल. म्हशीचे आणि आपले काय होईल ते सांगायला नको.

मंगळाची गोष्ट तर याहून कठीण. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर सारखे बदलत असल्याने संदेशाला एका बाजूचा प्रवास करायला कमीत कमी सुमारे ३ मिनिटे आणि जास्तीत जास्त सुमारे २२ मिनिटे लागतात. मंगळावरची बग्गी कड्यावरून घसरते आहे असे चित्र आपल्याला दिसेल, तेव्हा ती खाली पडून कितीतरी वेळ झालेला असेल.

अशा परिस्थितीत माणूस काय करतो? १९६० च्या दशकात अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत थॉमस शेरिडन आणि विल्यम फेरेल यांनी मुद्दाम विलंब घालून लोकांना यंत्राचा हात चालवायला दिला. त्यांना असे दिसले की माणसे लवकरच एक युक्ती शोधतात : थोडे हलवायचे, थांबायचे, काय झाले ते पाहायचे, मग पुन्हा थोडे हलवायचे. अंधारात जिना उतरताना आपण पाय चाचपत उतरतो, तसेच हे. काम होते, पण फार सावकाश. आणि विलंब मिनिटांवर गेला की ही युक्तीही चालत नाही.

तरीसुद्धा चंद्रावर माणसाने थेट गाडी चालवून पाहिली आहे. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद-१’ ही गाडी चंद्रावर उतरली. क्रिमियातील एका केंद्रात बसून पाच जणांची तुकडी ती चालवीत असे : चालक, प्रमुख, मार्गदर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा. त्यांना हलते चित्र मिळत नसे. काही काही सेकंदांनी एकेक स्थिर चित्र येई. त्या तुटक चित्रांवरून त्यांनी गाडी दहा किलोमीटरांहून अधिक चालवली. १९७३ मधील ‘लुनोखोद-२’ तर सुमारे ३९ किलोमीटर गेली. या चालकांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण सपाट चित्रात खळगा किती खोल आणि चढ किती उभा हे ओळखणे हीच त्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी होती.

दोन डोळ्यांचे गणित

येथे आपण पुन्हा जिलेटीनच्या चष्म्याकडे येऊ. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा सुईच्या अलीकडून किंवा पलीकडून निघून जातो. दोन्ही डोळे उघडे असतील तर तो बरोबर जातो. याचे कारण असे की आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते आणि त्यामुळे दोघांना थोडी वेगळी चित्रे दिसतात. जवळची वस्तू दोन चित्रांत जास्त सरकलेली असते, दूरची कमी. मेंदू या सरकण्यावरून अंतराचा अंदाज करतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्येच हे दाखवून दिले होते.

प्रज्ञानला पुढच्या बाजूस असेच दोन डोळे होते. बंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत बनवलेले ते मार्गदर्शक कॅमेरे. डाव्या कॅमेऱ्याचे चित्र लाल रंगात आणि उजव्याचे निळ्या-हिरव्या रंगात छापून ते एकावर एक ठेवले. लाल काचेतून एकाच डोळ्याला एक चित्र दिसते, निळसर काचेतून दुसऱ्याला दुसरे. पुढचे काम आपला मेंदू करतो. तेव्हा आमच्या मित्राला पहिले उत्तर असे देता येईल की येथे डोळ्यांना फसवलेले नाही. एका डोळ्याने पाहण्यात जी फसगत होते ती दूर केली आहे.

पण शास्त्रज्ञ येथे थांबत नाहीत. मेंदूला जो नुसता अंदाज येतो त्याचे संगणकाकडून नेमके माप काढले जाते. दोन चित्रांतला एकच दगड हुडकायचा, तो किती सरकला ते मोजायचे, त्यावरून त्याचे अंतर काढायचे. असे असंख्य बिंदूंचे अंतर निघाले की त्यांचे जाळे विणायचे आणि त्या जाळ्यावर मूळ छायाचित्र चादरीसारखे अंथरायचे. आता संगणकात त्या जमिनीची उंचसखल प्रतिकृती तयार झाली. तिच्यात आपल्या गाडीचीही प्रतिकृती उभी करायची. चाकांचा व्यास तोच, वजन तेच, कलण्याची मर्यादाही तीच. हेच ते आभासी वास्तव.

या जगात शिरण्यासाठी डोळ्यांवर एक टोप घालतात. त्यात दोन डोळ्यांसमोर दोन लहान पडदे असतात, आणि डोके कोणीकडे वळले हे टोपाला कळते. मान उजवीकडे वळवली की चित्रही तसेच वळते, खाली वाकले की दगड जवळ येतो. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये असा पहिला टोप केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स केंद्रात टोपाला जोडून हातमोजाही आला. दूरची यंत्रे चालवणे आणि ग्रहांची भूमी ‘चालून’ पाहणे हे हेतू त्या संशोधकांच्या मनात तेव्हापासूनच होते.

या व्यवस्थेतली खरी खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. टोप घातलेल्या माणसाने मान वळवली आणि चित्र पाव सेकंद जरी मागे राहिले, तरी त्याला घेरी येते, मळमळू लागते. मग चंद्रावरच्या कॅमेऱ्याला “उजवीकडे वळ” असे सांगून चित्राची वाट पाहणे शक्यच नाही. म्हणून तो माणूस चंद्राकडे पाहतच नसतो. चंद्राची जी प्रतिकृती आधीच पृथ्वीवर आणून ठेवली आहे तिच्यात तो वावरत असतो. तेथे पाहायला विलंब लागत नाही. विलंब लागतो तो फक्त करायला. अंतर नाहीसे करता येत नाही हे मान्य करून शास्त्रज्ञांनी पाहणे आणि करणे यांची फारकत केली. पाहणे इथे, करणे तिथे.

रंगीत तालीम

आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाचे नाटक बसते तेव्हा शेवटी रंगीत तालीम होते. पोशाख तोच, प्रकाश तोच, प्रवेश तेच. फक्त प्रेक्षक नसतात, त्यामुळे चूक झाली तरी पुन्हा करता येते. आभासी वास्तव म्हणजे अवकाशयानाची रंगीत तालीम होय. प्रतिकृतीतली गाडी प्रतिकृतीतल्या दगडावर चढवून पाहायची. कलंडली तर हरकत नाही, दुसरी वाट धरायची. दहा वाटा तपासून जी उत्तम ठरेल तिच्याच आज्ञा खऱ्या गाडीला पाठवायच्या.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या नासाच्या ‘सोजर्नर’ या छोट्या गाडीचे चालक ब्रायन कूपर असेच काम करीत. डोळ्यांवर विशेष चष्मा लावून ते पडद्यावरच्या खोल दृश्यात गाडीची प्रतिकृती फिरवीत, आणि निवडलेले टप्पे आज्ञा म्हणून मंगळाकडे जात. २०१५ मध्ये नासाने ‘ऑनसाइट’ नावाची व्यवस्था पुढे आणली. तिच्यात निरनिराळ्या गावचे शास्त्रज्ञ टोप घालून मंगळाच्या एकाच आभासी जमिनीवर एकत्र उभे राहू शकतात आणि एकमेकांना दगड दाखवू शकतात.

तालमीचा याहूनही नाट्यमय उपयोग जर्मनीच्या ‘रोटेक्स’ प्रयोगात झाला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया यानातून एक यंत्रहात अवकाशात गेला होता. यानात एक लहानशी वस्तू तरंगत सोडली, आणि जमिनीवरच्या संगणकाने त्या हाताकडून ती पकडवली. संदेशाच्या जाण्यायेण्यात सहाएक सेकंदांचा विलंब होता. हे कसे साधले? संगणकाने वस्तू आता कोठे आहे हे पाहिले नाही. आज्ञा पोचेल तेव्हा ती कोठे असेल याचे गणित केले. अनुभवी क्षेत्ररक्षक चेंडूच्या मागे धावत नाही, चेंडू जेथे पडणार तेथे धावतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि ही तालीम करायला नेहमी महागडी साधने लागतातच असे नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळे जग घरात अडकले, तेव्हा मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’चे चालकही घरी बसले. कार्यालयातले उंची चष्मे घरच्या संगणकांवर चालेनात. मग त्यांनी काय वापरावे? लाल-निळ्या काचांचे साधे चष्मे! २० मार्च २०२० रोजी त्यांनी प्रथमच सर्वांनी घरून आज्ञा आखल्या, आणि दोनच दिवसांनी त्या गाडीने मंगळाच्या खडकाला भोक पाडले. आपल्या लग्नपत्रिकेच्या चष्म्याला तुच्छ लेखू नये, तो या कारणाने.

प्रज्ञानची पावले

आता आपल्या प्रज्ञानकडे वळू. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरले. उतरण्याची ती शेवटची पंधरा-वीस मिनिटे आपण सर्वांनी श्वास रोखून पाहिली. पण त्या वेळी बंगळुरूत कोणाच्याही हातात सुकाणू नव्हते. विलंबामुळे ते असूच शकत नव्हते. यान स्वतःच पाहत होते आणि स्वतःच ठरवीत होते. पृथ्वीवरचा माणूस आणि यंत्र यांच्यात कामाची वाटणी असते ती अशी : जेथे क्षणाचा प्रश्न आहे तेथे यंत्र ठरवील, जेथे विचाराला सवड आहे तेथे माणूस ठरवील.

प्रज्ञान बाहेर पडल्यावर अशी सवड मिळाली. ही बग्गी २६ किलो वजनाची, आणि तिचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. येथे चाणाक्ष वाचक विचारील : २.६ सेकंदांत ती तीन सेंटिमीटरसुद्धा जात नाही, मग थेट का चालवू नये? प्रश्न रास्त आहे. पण अडचण केवळ विलंबाची नव्हती. प्रज्ञान पृथ्वीशी थेट बोलू शकत नव्हती. ती विक्रमला सांगे आणि विक्रम पृथ्वीला. तेथून येणारा संदेश बंगळुरूजवळच्या ब्याललू येथील ३२ मीटर व्यासाची अँटेना टिपत असे, जिच्या उभारणीत तुर्भ्याच्या भाभा केंद्राचाही वाटा आहे. शिवाय उतरण्याची जागा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर होती. तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे २१ अंशांहून वर येत नाही. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या दगडाची सावली माध्यान्हीला २६ सेंटिमीटर, आणि सकाळी त्याहून कितीतरी लांब. त्या काळ्याकुट्ट सावल्यांत खळगा कोणता आणि सावली कोणती हे सपाट चित्रात ओळखणे कठीण.

म्हणून पद्धत अशी होती : कॅमेऱ्यांची दोन चित्रे आधी खाली आणायची, त्यांवरून जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा करायचा, वाट ठरवायची आणि मग आज्ञा पाठवायची. एका वेळच्या चित्रांवरून सुमारे पाच मीटरपर्यंतचाच भरवशाचा नकाशा मिळतो, म्हणून एका दमात पाच मीटरच्या पुढे जायचे नाही, असे प्रकल्पसंचालक डॉ. पी. वीरमुथुवेल यांनी त्या वेळी सांगितले होते. २७ ऑगस्ट रोजी प्रज्ञानसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे एक विवर आले. ते वेळीच दिसले आणि तिला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली. पुढे सुरक्षित वाट शोधताना ती जागच्या जागी गोल फिरली, आणि विक्रमने तिचे ते फिरणे टिपले. इस्रोने ते दृश्य प्रसिद्ध करताना चांदोमामाच्या अंगणात बागडणाऱ्या लेकराची आणि कौतुकाने पाहणाऱ्या आईची उपमा दिली. २ सप्टेंबरला प्रज्ञानला निद्रिस्त करण्यात आले तेव्हा तिने शंभर मीटरांहून थोडे अधिक अंतर कापले होते.

शंभर मीटर! आपल्या मैदानावर एखादा धावपटू बारा-तेरा सेकंदांत तेवढे धावतो. पण त्या शंभर मीटरांतले प्रत्येक पाऊल आधी पृथ्वीवर विचारपूर्वक टाकून पाहिलेले होते, हे विसरता येत नाही.

कोरी जागा

इतके वाचून कोणाला वाटेल की आभासी वास्तव मिळाले म्हणजे सारे प्रश्न सुटले. तसे नाही, आणि आमच्या मित्राच्या प्रश्नाचे दुसरे, अधिक महत्त्वाचे उत्तर येथेच आहे.

नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी पाच वर्षांहून अधिक काळ फिरली. तिचे चालक कुशल होते, त्यांच्याकडे खोल दृश्ये होती, तालमीची साधने होती. तरीही २००९ च्या वसंतात तिची चाके रुतली. वरून घट्ट दिसणाऱ्या पातळ कवचाखाली भुसभुशीत वाळू होती. कवच फुटले आणि गाडी खचली. पृथ्वीवर तशीच वाळू पसरून, तिच्यात जुळी गाडी रुतवून, महिनोन्‌महिने सुटकेच्या तालमी झाल्या. उपयोग झाला नाही. २२ मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही.

यात चूक कोणाची? चित्रे खोटी नव्हती, मापेही खोटी नव्हती. पण कॅमेऱ्याला जमिनीचा पृष्ठभाग दिसतो, पोट दिसत नाही. जे चित्रात आले नाही ते आभासी जगातही येत नाही. आणि धोका हा की आभासी जग फार सुंदर दिसते. त्यात उभे राहिले की “मी येथे आहे, मला सगळे दिसते आहे” असा भास होतो. लुनोखोदच्या चालकांना आपल्याला नीट दिसत नाही हे पक्के ठाऊक होते, म्हणून ते सावध असत. टोप घातलेल्या माणसाला ते विसरायला होते.

म्हणून उत्तम नकाशा करणारे एक पथ्य पाळतात. दगडाच्या मागची जी बाजू कॅमेऱ्याला दिसलीच नाही, ती ते आजूबाजूचे रंग घेऊन भरून काढीत नाहीत. जाळ्यात तेथे भोक ठेवतात. आभासी मंगळावर फिरताना दगडाच्या मागे असे एखादे काळे पोकळ ठिगळ दिसते. नवख्याला तो दोष वाटतो. जाणत्याला ते सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते सांगत असते : येथे काय आहे हे आम्हाला माहीत नाही, येथे चाक टाकू नका.

तेव्हा आमच्या मित्राला आम्ही असे सांगू. आभासी वास्तव खरे की खोटे हा प्रश्न त्याच्या देखणेपणावर ठरत नाही. जेवढे मोजले तेवढेच दाखवले आणि न मोजलेले कोरे ठेवले, तर तो आभासही विश्वासार्ह. कोरी जागा सजवून भरली, तर तेच चित्र फसवे. इतिहास लिहिणाऱ्याला, जुन्या पोथीची प्रत करणाऱ्याला हा धडा नवा नाही. पोथीत वाळवीने खाल्लेली अक्षरे चांगला संपादक मनाने भरीत नाही, तेथे टिंबे देतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला अवकाशविज्ञान परके वाटण्याचे कारण नाही ते यामुळेच.

पुढची वाट

यापुढे हे काम अधिक नाजूक होत जाणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या चांद्रयान-४ मोहिमेत चंद्रावरची माती उचलून पृथ्वीवर आणायची आहे. तेथे चाकांबरोबर हातही लागेल. आणि हाताला डोळ्यांइतकीच स्पर्शाची गरज असते. त्याही दिशेने प्रयोग झाले आहेत. ७ सप्टेंबर २०१५ रोजी आंद्रेयास मोगेन्सेन हे डॅनिश अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात बसले होते, आणि नेदरलँड्समधील एक यंत्रगाडी तेथून चालवीत होते. तिच्या हाताने त्यांनी एक खुंटी तिच्या तंतोतंत मापाच्या भोकात बसवली. खुंटी कडेला टेकली की शेकडो किलोमीटर उंचीवर त्यांच्या हाताला तो अडथळा जाणवत होता. उद्या माणूस मंगळाभोवती फिरत राहील आणि खालची यंत्रे अशीच हाताळील, म्हणजे विलंबाचा प्रश्न बराच सुटेल, अशी कल्पना त्यामागे आहे.

तोपर्यंत मात्र दूरच्या चाकांना आज्ञा द्यायची तर थांबावे लागेल, पाहावे लागेल, तालीम करावी लागेल. विनोबाजींच्या टकळीवरचा धागा हाताच्या अंतरावर होता, म्हणून चूक क्षणात सुधारता येत असे. चंद्रावरचा धागा चार लाख किलोमीटर लांब आहे. तो तुटू द्यायचा नसेल तर ओढण्याआधी विचार करावा लागतो.

ज्यांना ही गोष्ट स्वतः पडताळून पाहायची असेल त्यांनी यंदाच्या दिवाळीत जिलेटीनचे दोन तुकडे जपून ठेवावेत. इस्रोचे ते छायाचित्र कोणालाही पाहता येते. चष्मा लावावा आणि विक्रमच्या आसपास दिसणारे खळगे निरखावेत. मग स्वतःलाच विचारावे : गाडी आपल्या हाती असती, तर आपण चाक कोठे टाकले असते? आणि कोठे टाकले नसते?